नागपुरात छोट्या पोरांच्या आईबापांना मदत कुठून मिळते? दोन लेकरं, माहेर लांब, रजा संपत आली

मनीषनगरची_मम्मा
नमस्कार सगळ्यांना. इथे रोज वाचते पण लिहायची पहिलीच वेळ, लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

मला दोन लेकरं आहेत, मोठा सव्वादोन वर्षांचा आणि लहान मुलगी चार महिन्यांची. माहेर पुसदला. आई आली होती बाळंतपणाला, दोन महिने राहिली, मग बाबांची शुगर वाढली आणि तिला जावंच लागलं. जाताना डिंकाचे लाडू करून गेली होती तेही संपले. सासूबाई नाहीत. नवरा बुटीबोरीला कंपनीत आहे, फर्स्ट शिफ्ट असली की साडेपाचला घराबाहेर आणि नाईट असली की दिवसा झोपलेला, म्हणजे घरात असतो पण नसतो, त्याची पण चूक नाही. सोसायटीत ओळखी फक्त लिफ्टपुरत्या. "किती महिन्यांची झाली" एवढं विचारेपर्यंत त्यांचा मजला येतो.

दीड महिन्यात माझी रजा संपते. ऑफिसमध्ये विचारलं पाळणाघराचं काही आहे का तर एचआरची मॅडम हसली. दोघांना ठेवायचं कुठे? आणि मोठा अजून बोलत नाही. म्हणजे पाणी, गाई, आई, दे, नाही असे सहा-सात शब्द आहेत, पण दोन शब्द जोडून काहीच नाही. नणंद म्हणते मुलगे उशिराच बोलतात, याचा बाबा पण तीन वर्षांनी बोलला होता. डॉक्टरकडे गेलं की बाहेर पन्नास जण बसलेले असतात, वजन, लस, "पुढच्या महिन्यात या", झालं. मनातलं विचारायचं राहून जाते.

आणि एक सांगायला लाज वाटते. रात्री दोघं झोपले की मी बाथरूममध्ये नळ सोडून रडते. काही कारण नसते. नवऱ्याला सांगितलं नाही.

कोणाला काही माहीत असेल तर सांगा, सरकारी, खाजगी, ग्रुप, बाई, काहीही चालेल. आता उन्हाळा पण तोंडावर आहे.

खामलेकर_आई
अगं पहिले तर तू बरं केलंस लिहून. लाज कसली त्यात. मी आंगणवाडीचं सांगते कारण ते कोणी सांगत नाही, फ्लॅटमधल्या बायकांना वाटते ते आपल्यासाठी नाहीच. मलाही असंच वाटायचं. आमच्या कामवाल्या ताईची नात जायची, एकदा तीच म्हणाली मॅडम तुमचं पिल्लू पण न्या ना, तिथे उत्पन्न विचारत नाहीत. आणि खरंच नाही विचारत. सहा महिने ते सहा वर्षांचं कोणतंही लेकरू चालते. शिवाय गरोदर बाई आणि बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत बाळंतीण, म्हणजे आत्ता तू स्वतः पण त्यात येतेस. आधार कार्ड ने, पोषण ट्रॅकर म्हणून ॲप आहे त्यांच्याकडे, त्यात नाव चढवतात. तीन वर्षांपर्यंतच्या लेकरांना आहार घरी न्यायला देतात, तीन ते सहावाल्यांना तिथेच गरम.

आता खरं सांगू का, ते पाकीट मी फारसं वापरलं नाही. मला कामाचं वाटलं ते वजन. आमच्या तिथे एक खोली, बाहेर नीम, आत भिंतीवर अ आ इ ई आणि एक काटा छताच्या हुकाला टांगलेला, खाली कापडी चड्डीसारखी झोळी. माझी तेव्हा सात महिन्यांची होती, तिला झोळीत टाकल्याबरोबर तिने ताईच्या हातावर शू केली. मी घाबरली, ताई म्हणते "राहू द्या, शू झाली म्हणजे वजन शंभर ग्रॅम कमीच येईल" आणि पदराला हात पुसून परत काटा बघायला लागली. मग कार्डावरच्या आलेखात टिंब काढलं. हिरवा पट्टा ठीक, पिवळा म्हणजे लक्ष द्या, नारिंगी म्हणजे दवाखाना. माझीचं टिंब हिरव्यातच होतं, पण मागच्या तीन महिन्यांची रेघ आडवी चालली होती, हे मला तिने बोट ठेवून दाखवलं. इतके महिने मी दवाखान्यात नुसता आकडा ऐकून घरी येत होती, रेघ कोणी दाखवलीच नव्हती. तुझ्याकडे ते माता-बाल कार्ड असेलच, फाईलमधून काढून एकदा बघ.

आणि मोठ्याच्या बोलण्यासाठी तिथे आरबीएसके असं विचार. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ पासून आहे, डॉक्टरांची टीम आंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, वाढ आणि बोलणं-ऐकणं पण बघतात, काही वाटलं तर पुढच्या केंद्राची चिठ्ठी देतात, फुकट. पण टीमची वाट बघत बसू नको हां, ती कधी येईल ते ताईलाच विचार आणि तोपर्यंत आपलं आपण सुरू कर.

बाबा_ऑन_ड्यूटी
वहिनी मी बाप आहे, पण आमच्या घरी पाळणाघर शोधायचं काम माझ्याकडे होतं म्हणून लिहितो.

पहिले कायद्याचं. तुमच्या एचआर मॅडम हसल्या असतील, पण २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन लेकरांना २६ आठवडे पगारी रजा आहे आणि ज्या ठिकाणी ५० किंवा जास्त लोक काम करतात तिथे पाळणाघराची सोय करून देणं बंधनकारक आहे. आईला दिवसातून चारदा तिथे जाऊ द्यावं लागते. त्याच दुरुस्तीत असंही आहे की कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर घरून काम आपसात ठरवता येते. तोंडी विचारू नका, मेलवर विचारा, लेखी आलं की सूर बदलतो हा माझा अनुभव. माझ्या बायकोच्या ऑफिसमध्ये पाळणाघर नाही तर नाही झालं, पण तीन महिने अर्धे दिवस घरून मिळाले, तेवढ्यात बराच फरक पडला.

आता पाळणाघर. मी पाच बघितले. सगळीकडे सकाळी दहाला बोलावतात, तेव्हा सगळं चकाचक असते, लेकरं तेल लावून पावडर लावून बसलेले. मी नंतर फोन न करता चार वाजता गेलो, उन्हाळ्यात, दुपारची झोप उडालेली असते तेव्हा. एका ठिकाणी चौदा पोट्टे, एक बाई आणि टीव्ही. दुसऱ्या ठिकाणी जागा छान, मॅडम छान, पण खिडकीत लोखंडी कूलर आणि त्याचा खालचा पत्रा नेमका लेकराच्या हाताच्या उंचीवर, खाली पाणी सांडलेलं. मी विचारलं अर्थिंग आहे का, तर म्हणे "इतके वर्ष झाले काही झालं नाही". तिथूनच परत फिरलो. आपण नागपूरवाले कूलरला घरचा माणूस समजतो, पण दर उन्हाळ्यात पेपरमध्ये येतेच ना कोणाला तरी कूलरचा करंट लागल्याची बातमी. तीन पिनची वायर, खरं अर्थिंग, आणि मेन बोर्डात ३० मिलीॲम्पियरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन आपोआप तोडणारा स्विच, हे घरीही करून घ्या आणि पाळणाघरातही विचारा. पाणी भरताना नुसतं बटन बंद नाही, प्लग काढायचा. आणि टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासायची, डेंग्यूच्या मच्छराला अंड्यापासून उडायला साधारण आठवडाच लागतो.

शेवटी आम्ही प्रताप नगरकडे एका रिटायर्ड शिक्षिकेच्या घरी ठेवलं. सहाच लेकरं. मला काय आवडलं सांगू, तिच्याकडे एक शाळेची वही होती, प्रत्येक लेकराचं एक पान, किती वाजता झोपला, किती वाजता उठला, शी कशी झाली, काय नाही खाल्लं. "वरण भात दोन घास, काकडी फेकली." संध्याकाळी गेलं की वही वाचायची आणि मग लेकरू उचलायचं. त्या वहीवर आमचा पूर्ण विश्वास बसला. चार महिन्यांच्या बाळाला मात्र बरेच जण घेत नाहीत, सहा महिने किंवा वर्षाची अट असते, ते आधी फोनवर विचारून घ्या म्हणजे चक्कर वाचेल. सरकारचं पाळणा म्हणून पण आहे, आंगणवाडीलाच जोडलेलं पाळणाघर, तुमच्या भागात आहे का ते ताईला विचारा.

संत्रानगरी_७२
एवढा त्रास कशाला करून घ्यायचा, दोन वर्षं नोकरी सोडून द्या. आमच्या वेळी पाच पाच लेकरं होती घरात, कोणतं पाळणाघर अन कोणते ग्रुप. आई ती आईच असते.

खामलेकर_आई
काका, पाच लेकरं होती तेव्हा घरात आजी, आत्या, काकू, शेजारची अशा मिळून पाच बाया पण होत्या. इथे ती एकटी आहे सहाव्या मजल्यावर. आणि ईएमआय तुम्ही भरणार आहात का?

उशिरा_बोलला_पण_बोलला
मी फक्त मोठ्याबद्दल बोलते, कारण हे मी जगून झालेली आहे.

"मुलगे उशिरा बोलतात" हे मी दीड वर्ष ऐकलं. सासरी, माहेरी, गाडीवरच्या भाजीवाल्याकडून पण. दोन वर्षांच्या लेकराकडे साधारण पन्नासेक शब्द असायला पाहिजे आणि "आई ये", "पाणी दे" असे दोन शब्द जोडता यायला पाहिजे. तुझ्याकडे सव्वादोनला सहा-सात आहेत, म्हणजे घाबरायचं नाही पण दाखवायचं नक्की. काही लेकरं खरंच मागून भराभर बोलतात, पण आपलं त्यातलं आहे की नाही हे घरी बसून कळत नाही.

पहिलं कान तपास. हसू नको, मी पण म्हणाली होती याला ऐकू येते, चॉकलेटचा कागद वाजला तरी पळत येतो. पण कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं असलं तर थोडं येते आणि थोडं नाही, शब्दाची कड कळत नाही. कानाचे डॉक्टर बघतात, मग ओएई आणि गरज वाटली तर बेरा अशी टेस्ट लिहून देतात. मेडिकल कॉलेज, मेयो, मिहानचं एम्स, या तिन्ही सरकारी दवाखान्यांत कान-नाक-घशाचा विभाग आहे, तिथे ओपीडीत विचार. बेराला लेकरू गाढ झोपलेलं लागते. डोक्याला छोटे छोटे चिकट तारा लावतात, कानात टक टक आवाज देतात आणि मेंदूकडून उत्तर येते का ते मशीन बघते. दुखत काही नाही. पण झोपवायचं कसं? आम्हाला सांगितलं रात्री उशिरा झोपवा आणि पहाटे लवकर उठवा. मी पहाटे पाचला त्याला उठवून अंघोळ घातली, दोघं बापलेक बाल्कनीत बसून रस्त्यावरचे ट्रक मोजून राहिले होते, आणि अकरा वाजता तिथे पोचलो तर साहेबांचे डोळे टक्क उघडे. शेवटी मी साडीच्या पदरात गुंडाळून व्हरांड्यात तीन चकरा मारल्या तेव्हा झोपला. गाडीत मात्र झोपू देऊ नको, ती झोप वाया जाते, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

आमचे कान चांगले निघाले. मग स्पीच थेरपी. नागपुरात सीआरसी आहे, केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं केंद्र, नाव ऐकून पाय मागे घेऊ नको, बोलायला उशीर होणारी खूप लेकरं येतात तिथे. मी खाजगीत गेली कारण घराजवळ होतं. थेरपिस्ट मॅडमनी पहिल्या दिवशी लेकराला काही शिकवलंच नाही, मलाच बघत बसल्या. मग म्हणाल्या तुम्ही दहा मिनिटांत एकवीस वेळा "हे काय आहे?" विचारलं. मला रडायलाच आलं. म्हणाल्या प्रश्न बंद करा, तो जे करून राहिला ते बोला, "गाडी गेली, धाडकन पडली", आणि मग गप्प बसा, मनात दहापर्यंत मोजा. ते दहा मोजणं फार जड जाते गं. आणि दुसरं म्हणजे प्लास्टिकच्या पारदर्शक बरणीत पारलेजी ठेवा, झाकण घट्ट लावा, बरणी त्याच्या हातात द्या. त्याला बिस्कीट दिसते पण मिळत नाही, मग तो तुमच्याकडे बघतो, बरणी पुढे करतो, तेव्हा "उघड" म्हणायचं, लगेच उघडायचं. आमच्याकडे पहिले चार दिवस नुसता आरडाओरडा, बरणी एकदा कूलरच्या टाकीत गेली. बाराव्या दिवशी "उघ" म्हणाला. माझ्या मोबाईलमध्ये तो व्हिडिओ अजून आहे, सव्वीस सेकंदांचा, त्यात मागे माझाच रडण्याचा आवाज जास्त येतो.

मोबाईल बंद. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच आणि दोन ते पाचमध्ये दिवसाला तासापेक्षा जास्त नको असं बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. मी तुला दोष देत नाही, मी स्वतः जेवताना लावून द्यायची.

एक विचारते, तो बोट दाखवतो का? विमान दिसलं तर तुला दाखवतो का? नाव घेतलं की वळतो का? हे डॉक्टरला सांगायला लागेल, आधीच कागदावर लिहून ने. तीन मिनिटं मिळतात ना, मग कागद पुढे करायचा. एमचॅट म्हणून ऑटिझमची शंका आहे का ते बघायचा वीस प्रश्नांचा कागद आहे, १६ ते ३० महिन्यांच्या लेकरांसाठी, तो भरून द्यायला सांगू शकतेस.

मनीषनगरची_मम्मा
बोट दाखवतो, विमान आलं की ओढत बाल्कनीत नेतो मला. इथून विमानं खाली उतरताना दिसतात. नाव घेतलं की कधी वळतो कधी नाही. तेच मला कळत नाही.

महालची_आजी
बाई मी मोबाईलमध्ये बोलून लिहून राहिली, चुकभूल माफ करजो. तुहं वाचलं अन डोळ्यात पाणी आलं बाप्पा. चार महिन्याच्या पोरीले आता उन्हाळ्यात उकळून गार केलेलं पाणी चमच्याने दोनदा पाजत जाय, आपल्या नागपूरची गर्मी काय साधी असते का, जीव कासावीस होते लेकराचा. मी माह्या तिघांना पाजलं, तिघं धडधाकट आहेत. अन थोडी बाळगुटी. मालीश बंद करू नको, पण डोळ्यात काजळ नको घालू, ते आता डॉक्टर नाही म्हणतात तं नाहीच.

नर्सताई_पूर्व_नागपूर
आजी नमस्कार करते तुम्हाला, काजळाचं बोललात ते एकदम बरोबर. पण पाण्याचं नाही जी. मी लसीकरणाच्या सत्रात रोज हेच सांगते. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, नागपूरच्या ४५ डिग्रीत सुद्धा. आईच्या दुधात जवळपास ८८ टक्के पाणीच असते, त्यामुळे उन्हाळ्यात बाळ जास्त वेळा, थोडं थोडं पिते, तेव्हा आपणच जास्त वेळा पाजायचं. पाणी पाजलं की छोटंसं पोट भरते, दूध कमी पिते, आणि पाण्यासोबत जंतू गेले तर जुलाब. गुटी उगाळतो त्या सहाणेवर पण काय काय असते हे आपण बघत नाही. बाळ दिवसभरात सहा-सात वेळा शू करून राहिलं असेल आणि शू पिवळीजर्द नसेल तर समजायचं पोटात भरपूर जाऊन राहिलं. पाणी प्यायचं ते आईने.

ताई तुमचं बाळ चार महिन्यांचं, म्हणजे १४ आठवड्यांची लस झाली असेल, सरकारी वेळापत्रकात पुढची नऊ महिन्यांना, गोवर-रुबेला, आणि तेव्हाच व्हिटॅमिन ए चा पहिला डोस. मोठ्याचे १६ ते २४ महिन्यांत द्यायचे गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटी बूस्टर झाले का ते कार्डात बघा, दुसऱ्या बाळंतपणाच्या गडबडीत पहिल्याचे बूस्टर राहून जातात, दर आठवड्याला असं एक तरी लेकरू येते. राहिले असतील तर जवळच्या मनपाच्या आरोग्य केंद्रात या, फुकट आहे. मोठ्याला लोहाचं औषध पण विचारा, आठवड्यातून दोनदा एक एक मिली असते, शी काळी होते, घाबरायचं नाही. जंताची गोळी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या आसपास आंगणवाडीत देतात.

आणि उन्हाळ्यात जुलाब लागले की ओआरएसचं साधं पाकीट, एक लिटरवालं, एक लिटरच पाण्यात. अर्धं पाकीट अर्ध्या ग्लासात असं अंदाजे नाही. ते दुकानात मिळणारं गोड ज्यूससारखं खोकं ओआरएस म्हणून घेऊ नका. २०२५ च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तसल्या पेयांवर ओआरएस लिहायलाच बंदी आणली आहे. सोबत झिंक १४ दिवस, जुलाब थांबले तरी पूर्ण. छातीला खड्डे पडून राहिले, अंग फणफणलं आणि बाळ सुस्त, दूध ओढत नाही असं दिसलं तर वाट बघायची नाही, १०८. वर्षाच्या आतल्या बाळाला १०२ ची गाडी दवाखान्यात न्यायला-आणायला फुकट असते.

महालची_आजी
बरं बाई. तुम्ही शिकलेल्या. माहे दिवस येगळे होते. पण ते गुटीचं मी सूनबाईला सांगणार नाही, ती आधीच माहं ऐकत नाही.

रात्रपाळीतली
सगळ्यांनी लेकरांचं सांगितलं, मला नळ सोडून रडण्याचं बोलायचं आहे. मीपण तेच करायची, मी तर कूलर फुल स्पीडवर करायची म्हणजे आवाज जात नाही.

बाळंतपणानंतर पहिले दोन आठवडे रडू येणं खूप जणींना होते, ते आपोआप जाते. पण चार महिने झाले आणि अजून रोज रात्री येऊन राहिलं तर तो एक आजार असू शकतो, प्रसूतीनंतरचं डिप्रेशन, त्याला औषध आहे आणि त्यात तुझी काही चूक नाही. मला कळलं कसं, तर बाळाच्या लसीला गेली तेव्हा एका डॉक्टरीणबाईने बाळाकडे न बघता माझ्याकडे बघून विचारलं "तुम्ही शेवटचं कधी हसलात?" मला आठवेना. त्यांनी दहा प्रश्नांचा एक कागद दिला, मागच्या सात दिवसांत कसं वाटलं असा, एडिनबर्ग स्केल म्हणतात. मी खोटी उत्तरं लिहिली. घरी आली आणि रात्री अडीच वाजता १४४१६ ला फोन लावला. टेलीमानस, सरकारचं आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. मी पहिले पाच मिनिटं फक्त "हॅलो" म्हणून रडली असेल, पलीकडची मुलगी म्हणत होती "मी आहे ताई, सावकाश." तिने उपदेश केला नाही. बाळ कुठे आहे, तुम्ही सुरक्षित आहात का, स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटते का, हे स्पष्ट विचारलं. मग जवळच्या दवाखान्यातल्या मानसोपचार ओपीडीचं सांगितलं.

मी गोळ्या घेतल्या आठ महिने. दूध पाजत असताना घेता येतील अशा गोळ्या असतात, डॉक्टरला सांगायचं की मी पाजते आहे. आता बंद आहेत. आणि नवऱ्याला सांग. माझ्याने पण तोंडाने सांगता आलं नव्हतं, मी व्हॉट्सॲप केला होता, तो बाजूच्या खोलीत झोपला होता तरी. तुला वाटलं तर हाच धागा दाखव त्याला.

बाबा_ऑन_ड्यूटी
हे वाचून मला माझ्या बायकोला काहीतरी विचारायचं आहे असं वाटलं. असो.

वहिनी एक छोटी गोष्ट. तुमच्या मिस्टरांचा ऑफ असेल त्या दिवशी मोठ्याला त्यांनी बाहेर न्यावं, तुम्ही लहानीला घेऊन झोपा. मी आमच्याला मेट्रोत फिरवतो, तुमच्या इकडून उज्ज्वल नगरला चढायचं, सीताबर्डी इंटरचेंजला उतरून वरची-खालची मेट्रो बघायची, परत. एसी आहे, स्वस्त आहे, दोन तास जातात. थंडीत महाराजबाग, उन्हाळ्यात रमन सायन्स सेंटर. अजब बंगल्यात, म्हणजे म्युझियममध्ये पण नेलं होतं, तिथे तो फक्त जिन्यावर चढ-उतर करत होता, पण आईची झोप झाली ना.

खामलेकर_आई
आणि तुझ्या सोसायटीच्या खाली संध्याकाळी सहानंतर जा गं, ऊन उतरलं की. नुसतं बस. आमचा ग्रुप असाच झाला, एकीच्या लेकराने दुसरीच्या लेकराला चावलं तिथून. आता आम्ही सात जणी आहोत, कपडे फिरवतो, एकीला दवाखान्यात जायचं असलं तर दुसरी दोन तास ठेवते. माझ्याकडे शून्य ते सहा महिन्यांचे झबले पडले आहेत, पण तुझी आता त्यातून मोठी झाली. पांगुळगाडा मागू नको, तो मी भंगारात दिला, डॉक्टर म्हणाले पडायची भीती आणि चालायला काही मदत होत नाही.

मनीषनगरची_मम्मा
अकरा दिवसांनी लिहिते आहे, सॉरी. सगळ्यांचं तीन तीनदा वाचलं. आजींचं पण.

आंगणवाडी आमच्या मागच्या गल्लीतच निघाली, चार वर्षं तिथून स्कूटी नेते पण पाटी कधी वाचली नव्हती. ताईने मोठ्याचं वजन केलं, हिरव्यात आहे. कार्ड बघून तिनेच सांगितलं की डीपीटीचा बूस्टर राहिला, नर्सताई तुम्ही म्हणालात तसंच. काल दिला. पाय सुजला थोडा.

मेल टाकला ऑफिसला. अजून उत्तर नाही, पण एचआर मॅडमचा फोन आला आणि आवाज मऊ होता. पाळणाघरं तीन बघितली, दोघांनी लहानीला घ्यायला नाही म्हटलं. एका काकूंकडे आहे जागा, त्यांच्याकडे वही नाही, मी म्हटलं मी वही आणून देते तर हो म्हणाल्या. कूलर बघितला, प्लास्टिकचा आहे, अर्थिंगचं इलेक्ट्रिशियनला विचारून सांगते म्हणाल्या.

नवऱ्याला धागा पाठवला. नाईटला होता, ब्रेकमध्ये वाचला असणार. सकाळी आला, डबा सिंकमध्ये ठेवला आणि काही न बोलता लहानीला घेऊन खाली गेला. दीड तासाने आला. मग बोललो आम्ही. १४४१६ मी अजून लावला नाही, पण नंबर सेव्ह केला आहे, आणि सोमवारी ओपीडीत जायचं दोघांनी मिळून ठरवलं, त्याने शिफ्ट बदलून घेतली.

बरणीचा प्रयोग सुरू आहे. आज सहावा दिवस. अजून फेकतोच.

उद्या त्याची कानाची टेस्ट आहे. पहाटे पाचला उठवायचं म्हणून त्याला आत्तापर्यंत जागं ठेवलं, आता सव्वाबारा झाले, तो कुकरच्या शिट्टीवर चमचा आपटून राहिला आहे आणि खालच्या मजल्यावरून एकदा फोन येऊन गेला. गाडीत झोपू न देण्यासाठी काय करायचं ते कोणीतरी आत्ता सांगा प्लीज.

उशिरा_बोलला_पण_बोलला
पुढच्या सीटवर तू बसू नको, मागे त्याच्याजवळ बस, काच अर्धी खाली, आणि हातात ओली काकडी दे. डोळे मिटायला लागले की तळपायाला गुदगुल्या. साडी नेसून जा किंवा मोठी ओढणी घे, व्हरांड्यात लागेल.